आखेनला शिकायला येतेयस आणि युरोप फिरायचाय, तर हे वाच

तुझा प्रश्न थोडक्यात असा की ऑक्टोबरपासून जर्मनीतल्या आखेनला मास्टर्स सुरू होतंय, शिक्षणाचं कर्ज डोक्यावर आहे, दोन वर्षांत जमेल तेवढा युरोप बघायचाय, तर बऱ्याच देशांच्या रेल्वेत चालणारा युरेल पास घेऊन टाकावा का, शाकाहारी मुलीचं खाण्यापिण्याचं कसं होतं, आणि एकटीने फिरलं तर चालतं का, कारण घरून आत्तापासूनच "शिकायला चाललीयस का फिरायला" सुरू झालंय. मी आखेनलाच शिकले, मग इथेच नोकरीला लागले, आणि दर ऑक्टोबरला नवीन येणाऱ्या मुलामुलींना कागदपत्रं, घर, प्रवास यात मदत करते, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. तू इथे टूरिस्ट म्हणून येत नाहीयेस, रहिवासी म्हणून येतेयस. भारतातून येणारी माणसं दहा दिवसांत सात देश करतात कारण त्यांचा व्हिसा तेवढाच असतो आणि विमानाचे पैसे वसूल करायचे असतात. तुझ्याकडे दोन वर्षं आहेत, आणि इथला स्वस्त प्रवास जवळजवळ सगळा रहिवाशांसाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही. नवीन आलेली बरीच मुलं हे न कळल्यामुळे पाहुण्यांच्या भावाने पैसे घालवतात आणि मग म्हणतात युरोप परवडत नाही.

युरेलचंच बघ. युरेल पास युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे. जर्मनीत राहायला लागलीस की तू इंटररेलमध्ये, म्हणजे युरोपात राहणाऱ्यांसाठीच्या तशाच पासमध्ये येतेस, मग पासपोर्ट भारतीय असला तरी काही फरक पडत नाही, राहण्याचा पुरावा लागतो. त्यामुळे भारतातून युरेल घेऊन येऊ नकोस. आणि इंटररेलसुद्धा पहिल्या वर्षी नको. एक तर तू जिथे राहतेस त्या देशात तो फक्त बाहेर पडायला एकदा आणि परत यायला एकदा चालतो, आणि दुसरं म्हणजे फ्रान्सच्या टीजीव्ही, इटली-स्पेनच्या फास्ट गाड्या यांना पास असला तरी सीट रिझर्वेशनचे वेगळे पैसे द्यावेच लागतात, जे लोक हिशोबात धरतच नाहीत. ऑस्ट्रिया, बेल्जियम, नेदरलँड्समध्ये बहुतेक गाड्यांना रिझर्वेशनची सक्ती नाही, तिथे पास खरा वसूल होतो. दुसऱ्या वर्षी परीक्षा संपल्यावर सलग दोन-तीन आठवडे मिळणार असतील तर युथ पास घे, २७ वर्षांपर्यंत तो स्वस्तात मिळतो.

मग पहिल्या वर्षी काय? पहिल्या वर्षी तुझं सेमिस्टर तिकीट. युनिव्हर्सिटीची जी सेमिस्टर फी भरशील त्यातच डॉइचलँड सेमिस्टर तिकीट येतं. साधं डॉइचलँड तिकीट २०२३ च्या मे मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२५ ला ५८ झालं, २०२६ ला ६३ झालं, विद्यार्थ्यांचं त्याच्या ६० टक्क्यांत बसतं. यावर अख्ख्या जर्मनीतल्या लोकल, ट्राम, बस, आणि आरई-आरबी या रिजनल गाड्या चालतात. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना हे तिकीट चालत नाही, चुकून सुद्धा बसू नकोस, विनातिकीट पकडलं तर निदान ६० युरो दंड आहे.

आता यातली खरी गंमत सीमेवर आहे. हे तिकीट काही ठिकाणी सीमेपलीकडच्या पहिल्या स्टेशनापर्यंत चालतं, ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग हे त्यातलं सगळ्यात उपयोगाचं, आणि स्वित्झर्लंडमधल्या बासेलचं बाडिशर बानहोफ हे स्टेशन दुसरं. जिथे चालत नाही तिथे सीमेपर्यंत यायचं आणि पुढे तिथलं साधं लोकल तिकीट काढायचं किंवा चक्क चालत जायचं. स्ट्रासबुर्गला जायचंय? केलपर्यंत रिजनल ट्रेन, तिथून राइन नदीवरून ट्राम थेट फ्रान्समध्ये जाते. पोलंड? ग्योर्लित्सला उतर, नाइसे नदीवरचा पादचारी पूल ओलांडला की झ्गोझेलेत्स. स्वित्झर्लंड? कोन्स्टान्झला उतर आणि क्रॉइत्सलिंगेनला पायी जा. पण तिथे एक काळजी घे, ईयूमध्ये (युरोपियन युनियनमध्ये) जर्मन सिमकार्डला रोमिंगचे जादा पैसे पडत नाहीत पण स्वित्झर्लंड ईयूत नाही, त्यामुळे सीमेजवळ फोनने स्विस टॉवर पकडला की काही मिनिटांत दणदणीत बिल होऊ शकतं, गाडीतून उतरायच्या आधीच डेटा रोमिंग बंद करून टाक.

आणि लक्झेंबर्ग! तिथे २०२० पासून संपूर्ण देशातली सार्वजनिक वाहतूक सेकंड क्लासला फुकट आहे, ट्रेन, ट्राम, बस सगळं. म्हणजे आखेनहून कलोन, कोब्लेन्झ, मग मोझेल नदीच्या काठाकाठाने ट्रियर आणि पुढे लक्झेंबर्ग शहर, सीमेपर्यंत सेमिस्टर तिकीट आणि सीमेनंतर फुकट, वरचा खर्च शून्य. वेळ जातो, अख्खी सकाळ गाडीत जाते, पण कोब्लेन्झ ते ट्रियर हा रस्ता खिडकीत बसून बघण्यासारखा आहे. ट्रियरला एक रात्र काढ, पोर्टा निग्रा हा रोमन दरवाजा अठराशे वर्षांहून जुना आहे आणि स्टेशनपासून पायी आहे.

ट्रियरला गेलीच आहेस तर तिथून पेर्लला जाणारी छोटी गाडी घे. मी नवीन मुलांना पहिल्या सेमिस्टरमध्ये हमखास तिथे नेते. पेर्ल हे जर्मनीचं टोक, स्टेशनवरून उतारावर चालत निघायचं, मोझेलवरचा पूल लागतो, आणि पूल संपला की लक्झेंबर्गमधलं शेंगेन गाव. हो, तेच शेंगेन ज्याचं नाव तू व्हिसाच्या निमित्ताने ऐकत आलीयस. द्राक्षाचे मळे, चार गल्ल्या, नदीकाठी एक म्युझियम, बस. १४ जून १९८५ ला इथे नदीतल्या प्रिन्सेस मारी-आस्त्रिद नावाच्या बोटीवर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या पाच देशांनी सीमेवरची तपासणी काढून टाकायचा करार केला, प्रत्यक्षात तो मार्च १९९५ मध्ये लागू झाला. पुलावर उभं राहिलं की जरासं वरच्या अंगाला फ्रान्स. कोल्हापूरहून निपाणीला जाताना जशी दुकानांच्या पाट्यांची भाषा बदलते तेवढाच काय तो फरक जाणवतो, आणि फोनवर एकामागून एक दोन देशांचे वेलकम मेसेज येतात. भारतात व्हिसासाठी महिनोन्महिने अपॉइंटमेंट शोधलेली पोरं त्या पुलावर इकडून तिकडे तीन-चार वेळा चालतात, आणि मला दरवेळी ते बघायला आवडतं, कारण ही मोकळीक किती मोठी आहे हे आपल्याला कळतं तेवढं इथे जन्मलेल्यांना कळत नाही.

आखेनच्या दारातच आणखी एक अशी जागा आहे. फाल्स हे डच गाव आखेनला चिकटूनच आहे, बस जाते, तिथून टेकडी चढून गेलं की तीन देशांचा दगड आहे, जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम. उंची ३२२ मीटर फक्त, पण युरोपातल्या नेदरलँड्सचं तेच सर्वोच्च ठिकाण. एके काळी इथे चार प्रदेश मिळायचे. जवळच्या केल्मिस गावची जस्ताची खाण कोणाकडे जावी यावर प्रशिया (तेव्हाचं जर्मन राज्य) आणि नेदरलँड्सचं एकमत होईना म्हणून १८१६ मध्ये न्यूट्रल मोरेसनेट असा कोणाचाच नसलेला तुकडा ठेवला गेला, पहिल्या महायुद्धानंतर तो बेल्जियमला गेला. माझं म्हणणं असं की पहिले दोन महिने एवढंच कर. फाल्स, मास्ट्रिख्ट, बेल्जियममधल्या लिएजचं कालात्रावा या आर्किटेक्टने डिझाइन केलेलं स्टेशन, आणि आखेनचा डोम म्हणजे कॅथेड्रल, सम्राट शार्लमेनचा, जो १९७८ मध्ये युनेस्कोच्या अगदी पहिल्या बारा ठिकाणांत होता. पॅरिस, रोम कुठे पळून जात नाहीत.

आता कागदपत्रं. हा भाग कंटाळवाणा वाटला तरी शब्दन् शब्द वाच.

तू नॅशनल व्हिसा म्हणजे डी टाइपवर येशील. त्यावर आणि नंतर मिळणाऱ्या रेसिडेन्स परमिटच्या कार्डावर दुसऱ्या शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवस फिरता येतं, जर्मनीत घालवलेले दिवस यात धरत नाहीत. शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत, क्रोएशिया २०२३ ला आला, रोमानिया-बल्गेरिया २०२५ पासून पूर्णपणे आत आहेत. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड ईयूत नाहीत पण शेंगेनमध्ये आहेत. ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत, त्यांना वेगळा व्हिसा, त्यामुळे "स्वस्तात लंडनचं विमान मिळालं" असं कोणी म्हणालं तर आधी व्हिसाची फी आणि वेळ हिशोबात धर.

अडचण कुठे होते तर डी व्हिसा संपतो आणि परदेशी नागरिक कार्यालयाची अपॉइंटमेंट मिळालेली नसते, किंवा अपॉइंटमेंट झाली पण कार्ड छापून यायचंय. मधल्या काळात फिक्शन्सबेशायनिगुंग नावाचा कागद देतात. त्यावर परदेशी नागरिकांच्या राहण्याच्या कायद्यातल्या कलम ८१ चा कुठला परिच्छेद टिक केलाय ते बघ. परिच्छेद ३ वाल्यावर बाहेर जाऊन परत आत येता येत नाही, ४ वाल्यावर येता येतं, पण दुसऱ्या देशातल्या एअरलाइनच्या काउंटरवर तो कागद ओळखला जाईलच असं नाही. त्यामुळे कार्ड हातात येईपर्यंत विमानाची तिकिटं काढू नकोस, एवढं एक माझं ऐक. व्हिसा संपायच्या आधी अर्ज मात्र गेलाच पाहिजे, आल्या आल्या पत्ता नोंदवला की लगेच त्याच्या मागे लाग.

शेंगेनमध्ये तपासणी नसते हे अर्धंच खरं आहे. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केलीय. रात्रीच्या बसमध्ये दोन वाजता पोलीस चढतात आणि पासपोर्ट मागतात. मोबाइलमधला फोटो चालत नाही. फाल्सला चहा प्यायला गेलीस तरी मूळ पासपोर्ट आणि कार्ड जवळ हवं, आणि ते सॅकमध्ये नाही, अंगावर, कपड्याच्या आत. हरवलंच तर आधी त्या शहरात पोलीस तक्रार, तिची प्रत, मग जवळची भारतीय वकिलात. भारतातून परत येताना विमानतळावर पासपोर्टसोबत कार्ड आधीच पुढे कर, कारण ऑक्टोबर २०२५ पासून जी बोटांचे ठसे घ्यायची नवीन एन्ट्री-एक्झिट सिस्टीम आलीय ती परमिटवाल्यांना लागू नाही.

इन्शुरन्सबद्दल कोणीच सांगत नाही म्हणून सांगते. तुझ्या जर्मन सरकारी हेल्थ इन्शुरन्सच्या कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपियन कार्ड असतं, त्यावर ईयूच्या बहुतेक देशांत तातडीचे उपचार मिळतात. पण भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांना ते डेन्मार्क, स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड इथे लागू होत नाही. आणि डोंगरातून हेलिकॉप्टरने खाली आणायचा खर्च तर त्यात सहसा येत नाही. वर्षभराची ट्रॅव्हल हेल्थ पॉलिसी थोडक्या युरोत मिळते, ती घेतल्याशिवाय आल्प्सकडे फिरकू नकोस.

पैशाचं म्हणशील तर ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून) सध्या महिन्याला ९९२ युरो सुटतात, त्यात भाडं, इन्शुरन्स, खाणं. फिरायचे पैसे यातून काढू नकोस. डिपार्टमेंटमध्ये हिवीचं म्हणजे विद्यार्थी सहाय्यकाचं काम मिळालं की त्यातला ठराविक भाग प्रवासाचा असं ठरवून टाक, वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायला परवानगी आहे. कर्जाचे पैसे शिक्षणाला, स्वतःच्या कष्टाचे फिरायला, हे घरी सांगायलाही बरं पडतं आणि आपल्यालाही मोकळं वाटतं.

लांबच्या प्रवासाला आयसीईची सुपर श्पारप्राइस तिकिटं आधी काढली तर स्वस्त पडतात पण ती त्याच गाडीला बांधलेली असतात. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या जर्मन गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर होत्या, तेव्हा नियम माहिती हवेत: पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की बंधन सुटतं, कुठल्याही पुढच्या गाडीने जा, आणि तासाभराच्या वर उशीर झाला तर २५ टक्के, दोन तासांवर ५० टक्के पैसे परत मागता येतात. मागायचे. लाजायचं नाही.

स्वस्त विमानांचं तिकीट बघताना विमानतळ नीट बघ. फ्रँकफुर्ट-हान फ्रँकफुर्टपासून शंभर किलोमीटरच्या वर आहे, बोव्हे पॅरिसपासून ऐंशीएक किलोमीटर. बसचं भाडं आणि पहाटे तिथे पोचायची सोय धरली तर वीस युरोचं तिकीट वीसचं राहत नाही. शिवाय ईयूबाहेरचा पासपोर्ट असला की काही एअरलाइन्समध्ये काउंटरवर कागदपत्रं तपासून घ्यावी लागतात, ऑनलाइन चेक-इन केलं म्हणून थेट गेटवर जाऊ नकोस. बॅग घरीच मोजून घे. मला विचारशील तर रात्रीची ट्रेन किंवा बस आणि एका शहरात निदान तीन रात्री, हे गणित जास्त चांगलं बसतं, कारण पैसे शहरात राहण्यापेक्षा शहर बदलण्यात जास्त जातात.

म्युझियमला जाताना रेसिडेन्स परमिट खिशात ठेव आणि ते दाखव! पॅरिसची लूव्र आणि ऑर्से म्युझियम, जवळचा व्हर्सायचा राजवाडा इथे २६ वर्षांखालच्या युरोपात राहणाऱ्यांना प्रवेश फुकट आहे, नागरिक असायची गरज नाही, राहणारी असलीस की झालं. लूव्रचा स्लॉट ऑनलाइन शून्य युरोचा बुक करायचा. युरोपबाहेरच्या पाहुण्यांना २०२६ पासून तिथे ३२ युरो पडतात, म्हणजे बघ. इटलीत मात्र तरुणांची दोन युरोवाली सवलत फक्त ईयूच्या नागरिकांना आहे, तिथे महिन्याचा पहिला रविवार गाठ, सरकारी म्युझियम त्या दिवशी सगळ्यांना फुकट असतात, गर्दी असते पण सकाळी उघडतानाच गेलं तर निभतं. व्हिएन्नाला ऑपेराची उभं राहून बघायची तिकिटं वीस युरोच्या आत मिळतात, त्याच दिवशी, आणि मी तर म्हणते संगीताचं काहीही कळत नसलं तरी जा.

खाण्याचं एवढं टेन्शन घेऊ नकोस, पण डोळे उघडे ठेव. बेल्जियमची फ्राइज पारंपरिक पद्धतीने गाईच्या चरबीत तळतात, त्यामुळे नुसता बटाटा म्हणून घेऊ नकोस, विचारून घे. जर्मनीत चीजच्या पाकिटावर नुसतं लाब (चीजसाठी दूध घट्ट करायचं विरजण) लिहिलं असेल तर ते बहुतेक वेळा वासराच्या पोटातलं, मिक्रोबिएलेस लाब असेल तर चालेल, आणि खरं पार्मेजान कधीच शाकाहारी नसतं. पोलंडमध्ये पिएरोगी रुस्किए बटाटा आणि पनीरसारख्या चीजच्या असतात पण वरून डुकराच्या चरबीचे तुकडे टाकतात, ते नको म्हणून आधी सांगायचं. पॅरिसला रू दे रोझिएवर फलाफल, प्रागला तळलेलं चीज, बुडापेस्टला लांगोश म्हणजे तळलेली रोटी. हॉस्टेल बुक करताना किचन आहे का ते बघ. तांदूळ, मुगाची डाळ, हळद-हिंग-मिठाची एक छोटी डबी, आणि शेंगदाण्याची चटणी एवढं सॅकमध्ये असलं की रात्रीच्या जेवणाचा प्रश्न मिटतो, वर शेजारच्या बंकवरची कोणीतरी ब्राझीलची नाहीतर कोरियाची मुलगी "हे काय आहे" म्हणून येऊन बसते आणि ओळख होते. पहिल्या दिवशी प्रवासाला तिखटमिठाच्या पुऱ्या, दोन दिवस आरामात टिकतात. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात हे लक्षात ठेव, मोठ्या स्टेशनातली तेवढी उघडी असतात.

एटीएम किंवा कार्ड मशीनने युरो नसलेल्या देशात "युरोत पैसे कापू का" असं विचारलं की नेहमी नाही म्हण, स्थानिक चलनच निवड, नाहीतर भाव ते लावतात.

कॅलेंडरचं सांगते. विंटर सेमिस्टरची लेक्चर्स फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपतात पण नंतर परीक्षा असतात, त्या दिवसांवर तिकिटं काढून ठेवू नकोस. मधे मिळणारे मोठे वीकेंड शोध: ख्रिस्टी हिमेलफार्ट आणि आखेनच्या राज्यात फ्रोनलाइशनाम या सणांच्या सुट्ट्या दोन्ही नेहमी गुरुवारीच येतात, शुक्रवार मोकळा काढला की चार दिवस. शिवाय आखेनला पेंटेकोस्ट या ख्रिश्चन सणानंतर एक्स्कर्शनचा आठवडा असतो, लेक्चर्स नसतात, प्रागला किंवा क्राकोला जायला तोच बरा.

एकटीने फिरायचं का? हो, फिर. पण सुरुवात मास्ट्रिख्टसारख्या जवळच्या ठिकाणापासून कर, जिथून रात्री घरी परत येता येतं. नवीन शहरात अंधार पडायच्या आत पोचायचं हा नियम ठेव, डिसेंबरात इथे साडेचारलाच अंधारतं. बायकांची वेगळी डॉर्म मिळते, ती घे, स्वतःचं कुलूप ने. रात्र स्टेशनवर काढायची असा प्लॅन कधीच करू नकोस, त्या वाचलेल्या तीस युरोंना काही अर्थ नाही. पॅरिसला साक्रे-कर चर्चजवळ कोणी मनगटात दोरा बांधायला आलं किंवा सही करा म्हणून कागद पुढे केला तर हात खिशात आणि चालायला लागायचं. ११२ हा नंबर सगळ्या देशांत चालतो. घरच्यांना लाइव्ह लोकेशन दे, आणि पोचल्यावर एक मेसेज, एवढ्याने आईची अर्धी काळजी जाते. उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांना तुझ्या परीक्षांच्या तारखांची यादी पाठव आणि शेजारी फिरायच्या तारखा लिही, दोन्ही एकमेकांत अडकत नाहीत हे त्यांना दिसलं की बोलणं आपोआप कमी होतं, हे मी बऱ्याच घरांत झालेलं बघितलंय.

व्हिसाचं स्टिकर आलं की त्यावरच्या तारखा कळव, त्यावरून कार्डाच्या अर्जाचं आणि पहिल्या सेमिस्टरच्या वीकेंडचं वेळापत्रक आपण मिळून बसवू.